पोटात लेकरू, मनात घोर



मागच्या महिन्यात धाकट्या नणंदेकडे धावड्याला गेले होते. धावडा म्हणजे जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडचे, भोकरदन तालुक्यातले गाव. एका अंगाला अजिंठ्याचा डोंगर, दुसरीकडे बुलढाणा जिल्ह्याची हद्द. कपाशी, मका आणि मिरचीचा हा मुलूख. दुपारची जेवणे उरकली आणि नणंदेच्या ओसरीवर आम्ही पाच-सहा जणी लाल मिरचीची देठे खुडायला बसलो. त्यांतल्या तिघी दोन जीवांच्या होत्या. नणंदेची सून पहिलटकरीण, तिला सहावा लागलेला. शेजारघरची दुसऱ्या खेपेची, पाचव्या महिन्यातली. आणि वस्तीवरची एक मजुरी करणारी बाई, तिची तिसरी खेप, तीही पाचव्यातच.

मिरचीच्या ठसक्याने शिंका येत होत्या, गप्पा चालल्या होत्या. इतक्यात शेजारघरच्या बाईने नणंदेच्या सुनेला हळूच विचारले, "तुझं हालतं का गं?" सून लाजली, सासूकडे पाहिले आणि म्हणाली, "कळतच नाय, बाई. कधी वाटतं हाललं, कधी वाटतं गॅसच असन. रात्र रात्र झोप लागत नाय मला."

माझी नणंद चमकलीच. म्हणाली, "अगं, मग इतके दिवस बोलली कशी नाहीस?" सून खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही हसाल म्हणून."

मैत्रिणींनो, हे शब्द माझ्या काळजाला लागले. पोटात लेकरू वाढत असते आणि त्याच्या जोडीला मनात घोर वाढत असतो. लेकराचा आकार सगळ्या गावाला दिसतो. घोर मात्र कुणाला दिसत नाही. म्हणून आज त्या ओसरीवर जे जे बोलणे निघाले, ते तुमच्यापुढे मांडते. तुमच्या घरात कुणी पाचव्या-सहाव्या महिन्यातली असेल तर तिने वाचावे. तिला वाचता येत नसेल तर दुसऱ्या कुणी वाचून दाखवावे. आणि सासूबाईंनी व घरधन्याने जवळ बसून ऐकावे.

लेकरू हालते का?

पहिला घोर हाच. पहिलटकरणीला लेकराची हालचाल साधारण साडेचार ते पाच महिन्यांच्या सुमारास, म्हणजे अठरा ते वीस आठवड्यांत कळू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला थोडी आधी कळते, कारण ओळख पटलेली असते. सुरुवातीला ती पोटात फुलपाखरू फडफडल्यासारखी किंवा पाण्यात मासळी वळल्यासारखी असते. गॅस वाटतो तो याचमुळे. पुढे लाथ बसली की शंका उरत नाही.

दिवसभर कामात असलो की हालचाल ध्यानात येत नाही. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर निवांत पडावे, पोटावर हात ठेवावा आणि लक्ष द्यावे. सहावा महिना लागला तरी काहीच जाणवले नाही, तर दवाखान्यात दाखवावे. आणि सातव्या महिन्यानंतर रोज हालणारे लेकरू एकदम मंदावले, तर उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी जावे. "उद्या बघू" हा शब्द बाळंतपणाच्या कामात फार महाग पडतो.

गोळ्यांचे गुपित

मग रक्ताचा विषय निघाला. सुनेच्या कार्डावर हिमोग्लोबीन साडेआठ लिहिलेले होते. गरोदर बाईचे ते निदान अकरा असावे. त्याखाली गेले की पंडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी. सातच्या खाली गेले तर दवाखान्यातच उपचार घ्यावे लागतात. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंब आरोग्याची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात शंभरातल्या बावन्न गरोदर बायकांना पंडुरोग आढळला. म्हणजे ही काही एकट्या धावड्याची गोष्ट नव्हे.

मी सुनेला विचारले, "गोळ्या घेतेस ना?" ती म्हणाली, "घेते की, मामी." पण म्हणताना तिने नजर चुकवली. ती नजर मी ओळखली, कारण ती एके काळी माझी होती.

आज इतक्या वर्षांनी कबूल करते. गोष्ट १९८२ सालची, माझ्या पहिल्या खेपेची. नर्सबाई घरी येऊन लोहाच्या गोळ्या देऊन जायच्या. गोळी घेतली की मळमळायचे, शौचाला काळे व्हायचे. वाड्यातल्या कुणीतरी सांगितले की या गोळ्यांनी लेकरू काळे होते, फार मोठे होते आणि मग अडते. विचारायची लाज. नाही म्हणायची भीती. मी रोज एक गोळी पदरात बांधायची आणि उकिरड्यावर टाकून यायची. नऊ महिने हा खेळ चालला.

बाळंतपण घरीच झाले. मुलगी चांगली झाली, वारही पडली, पण रक्त थांबेना. बैलगाडीतून सडकेपर्यंत, तिथून एका जीपगाडीतून तालुक्याला. थोरल्या दिराने आणि माझ्या भावाने एकेक बाटली रक्त दिले, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे. पाच दिवस माझ्या लेकीला जावेने अंगावर पाजले. डॉक्टरांनी विचारले होते, "गोळ्या घेतल्या होत्या का?" मी म्हणाले, "हो." सासूबाई शेजारी उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे खरे बोलायचा धीर झाला नाही. त्या गेल्या, पण खरे काय ते त्यांना कधी कळले नाही.

हे मी ओसरीवर सांगितले तेव्हा देठे खुडणारे सगळे हात थांबले. सून उठून आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या. चारही कोऱ्या.

नणंद रागवेल असे मला वाटले होते. ती रागावली नाही. म्हणाली, "मीच कधी विचारलं नाही गं, माय."

तर मैत्रिणींनो, नीट ऐका. गरोदरपणी अंगातले रक्त जवळजवळ दीडपट व्हावे लागते, कारण ते दोघांना पुरवायचे असते. त्यासाठी लोह लागते. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस ही गोळी घ्यायची आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. पंडुरोग असेल तर डॉक्टर किंवा नर्सबाई मात्रा वाढवून देतात. शौचाला काळे होते ते गोळीच्या लोहामुळे, त्यात भिण्यासारखे काही नाही. लेकराचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून येत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्यावी. गोळीबरोबर चहा किंवा दूध घेऊ नये. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर घ्यावी. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. तरीही सोसली नाही तर उकिरड्यावर टाकू नका, आशाताईंना सांगा. दुसरा मार्ग असतो. गरज पडली तर शिरेतूनही लोह देतात.

कमी खाल्ले तर सुटका सोपी?

शेजारघरच्या बाईला तिच्या आईने बजावले होते, "पोटभर खाऊ नको, लेकरू मोठं होऊन अडन." ही समजूत आपल्याकडे घराघरात आहे आणि तिच्यापायी पुष्कळ लेकरे जन्मतःच अशक्त होतात. उपाशी ठेवलेल्या गायीचे वासरू कसे असते, हे शेतकऱ्याच्या घरात का सांगायला हवे? गाभण गायीला आपण पेंड वाढवतो, हिरवा चारा टाकतो. मग घरच्या लक्ष्मीलाच कोरकी भाकर का?

नऊ महिन्यांत साधारण नऊ ते अकरा किलो वजन वाढावे. त्यासाठी काजू-बदाम लागत नाहीत. जे शिवारात पिकते तेच खा, फक्त थोडे जास्त आणि दिवसातून चार-पाच वेळा. ज्वारी-बाजरीची भाकर, तुरीचे किंवा मुगाचे घट्ट वरण, मोड आलेली मटकी, मेथी, पालक, तांदुळजा, शेवग्याचा पाला. मूठभर शेंगदाणे, तीळ आणि गूळ. घरात चालत असेल तर अंडे. दूध-ताक आहेच. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. पेरू आणि आवळाही त्याच कामाचे. जेवणावर लगेच चहा मात्र नको. भाजी लोखंडी कढईत करा. अंगणवाडीतून मिळणारा आहार गरोदर बाईचा आहे. तो घरातल्या सगळ्यांत वाटून संपवू नका.

आणि एक कडू बोलते. मिश्री लावणाऱ्या बायका आपल्यात अजून आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीवाटे ती रक्तात जाते आणि रक्तावाटे लेकराला पोचते. लेकरू वजनाने कमी भरते. सोडायची असेल तर या नऊ महिन्यांसारखा मुहूर्त नाही.

बारीकसारीक दुखणी

छातीत जळजळते, पोटऱ्यांत रात्री गोळे येतात, कंबर धरते, पोट साफ होत नाही. या सगळ्या या महिन्यांतल्या पाहुण्या. थोडे थोडे खा, खाल्ल्यावर लगेच आडवे होऊ नका, पाणी भरपूर प्या. गोळा आला तर पाय लांब करून पंजा आपल्याकडे ओढा. झोपताना डाव्या कुशीवर झोपा. लघवीला आग होत असेल किंवा अंगावरून दुर्गंधीचे जात असेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. तो दाह असतो आणि त्याने लेकरू वेळेआधी येऊ शकते. हे सांगायला लाजू नका. नर्सबाईंना यात नवीन काही नाही.

शिवारातले काम

वस्तीवरची बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुमचं समदं खरं, मामी. पण मी घरी बसले तर चूल कशी पेटन?"

तिचे खरे होते. कपाशी वेचायला आणि मिरची तोडायला बायाच लागतात आणि रोज बुडाला की हिशेब चुकतो. मी तिला घरी बस असे म्हणाले नाही. हिंडते-फिरते हात गरोदरपणात चांगलेच. पण तीन गोष्टी जपाव्यात. पहिली, जड उचलू नये. पाण्याच्या दोन कळशा, ओल्या चाऱ्याचा भारा, कापसाचे गाठोडे हे दुसऱ्याने उचलावे. दुसरी, तासन्‌तास वाकून काम नको. मधून मधून बांधावर डाव्या कुशीला पडावे, पाणी प्यावे, आणि दुपारी निदान दोन तास विसावा घ्यावा. तिसरी सगळ्यांत मोठी. फवारणीच्या जवळपासही जाऊ नये. औषध कालवणे, पंपात पाणी ओतणे, फवारलेल्या पिकात लगेच वेचणी-तोडणी करणे आणि फवारणीचे कपडे धुणे ही चारही कामे पोटुशा बाईची नव्हेत. शेतमालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. अशा बाईला बैठे काम द्या, मिरची निवडायला बसवा. तिचा रोज तोडू नका.

ग्रहण आणि नवस

ग्रहणात भाजी चिरली म्हणजे लेकराचा ओठ फाटतो, हा धाक माझ्या लहानपणी होता आणि आजही आहे. चंद्र-सूर्याच्या सावलीचा पोटातल्या लेकराशी संबंध नाही. त्या दिवशी गरोदर बाईला उपाशीतापाशी, पाण्यावाचून कोंडून ठेवले तर त्याचा त्रास मात्र खरा होतो. राजूरच्या गणपतीला नवस बोलायला माझी हरकत नाही. माझ्या नणंदेनेही बोललेला आहे. देवावर भार टाकावा, पण तपासणी चुकवू नये.

मुलगा की मुलगी?

शेजारघरच्या बाईला पहिली मुलगी आहे. तिचा खरा घोर वेगळाच होता. तो शेवटी डोळ्यांतून आला. "या खेपेला मुलगी झाली तर काय, मामी?"

मैत्रिणींनो, मुलगा का मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, आईच्या कुशीवर नाही. शेतात जे पेरले तेच उगवते, त्याचा दोष जमिनीला देऊन काय उपयोग? गर्भ मुलाचा की मुलीचा हे पाहणे कायद्याने गुन्हा आहे. आपल्या महाराष्ट्राने तो कायदा सगळ्यांत आधी, १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ साली झाला. पाचव्या महिन्याच्या सुमारास, अठरा ते वीस आठवड्यांत, जी सोनोग्राफी करतात ती लेकराचे काळीज, मणका, हातपाय धड आहेत ना हे पाहण्यासाठी. ती जरूर करावी. तिथे दुसरे काही विचारू नये आणि कुणी पैसे घेऊन सांगू लागला तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

आतापासून करायची तयारी

पूर्वी तयारी म्हणजे डिंक, खारीक, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांची दुपटी. ती हवीच. पण बाळंतपणाची वेळ येते तेव्हा दुपट्यावाचून कुणी मरत नाही. जीव जातो तो उशिरामुळे. उशीर तीन जागी होतो. जायचे की नाही हे ठरवण्यात एक, वाट कापण्यात दुसरा आणि दवाखान्यात पोचल्यावर रक्त, औषध, माणूस मिळण्यात तिसरा. म्हणून तयारी तिन्हींची करा.

ठरवण्याची तयारी अशी. घरधनी शेतात किंवा बाजाराला असेल तर "चला" कोण म्हणणार, हे आजच ठरवा. सासूने म्हणावे, थोरल्या जावेने म्हणावे. कुणाच्या परवानगीसाठी थांबायचे नाही.

वाटेची तयारी अशी. जवळचे आरोग्य केंद्र कोणते, अडचण आली तर भोकरदनचे ग्रामीण रुग्णालय आणि त्याहून मोठी अडचण असेल तर जालना, हे ठाऊक असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ हा नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेवा. त्याशिवाय गावातल्या एका गाडीवाल्याशी बोलून ठेवा, कारण पावसाळ्यात आणि रात्री गाडीला वेळ लागतो.

तिसरी तयारी रक्ताची. बाईचा रक्तगट कार्डावर लिहिलेला असावा आणि रक्त देऊ शकणारी दोन धडधाकट माणसे आधीच विचारून ठेवावीत. माझा दीर आणि भाऊ त्या दिवशी योगायोगाने घरी होते. तुम्ही योगायोगावर राहू नका.

पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, तपासण्यांचे कागद, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, धुतलेली सुती फडकी, बाळासाठी टोपरे आणि ऊबदार कपडे ठेवावेत. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्यात ओटी भरून माहेरी जाते. ओटीत नारळाबरोबर हे कार्डही घालावे, असे मी म्हणते. कार्ड सासरी आणि लेक माहेरी असे झाले की तिथल्या नर्सबाईंना तिची काहीच माहिती नसते. जाताना सासरच्या आशाताईंना सांगावे आणि पोचल्यावर माहेरच्या आशाताईंना भेटावे.

तपासणी निदान चार वेळा व्हावी आणि प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, रक्त, लघवी पाहावी. धनुर्वाताची लस चुकवू नये. सहाव्या महिन्यात साखरेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ती तारीख एकादशीसारखी पाठ करा.

पैशांचा घोरही मोठा असतो. २०११ सालच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तर तीही, औषधे, रक्त, तपासण्या, तिथले जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सारे मोफत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत अटींत बसणाऱ्या मातेला पहिल्या लेकराच्या वेळी दोन हप्त्यांत पाच हजार रुपये मिळतात आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार. हे शेजारघरच्या बाईला सांगितले तेव्हा ती रडता रडता हसली. नाव मात्र वेळेत नोंदवावे लागते, तेव्हा अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

या खुणा दिसल्या की थांबू नका

अंगावरून रक्त जाणे. पाणी जाणे. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे. तोंडाला व हातांना सूज. आकडी. जोराचा ताप. पोटात सतत कळ. लेकराची हालचाल मंदावणे. बसल्या जागी धाप लागणे. यांतली एक जरी खूण दिसली तरी दिवस-रात्र पाहू नये, अंगारा-धुपारा करत बसू नये, निघावे. सूज आणि डोकेदुखी एकत्र आली तर रक्तदाब वाढलेला असू शकतो आणि तो आई व लेकरू दोघांनाही घातक असतो.

बाळंतपण झाल्यावर निदान दोन दिवस दवाखान्यात राहावे. तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये. ती लेकराची पहिली लसच समजा. मध, गूळपाणी, घुटी काही नको. सहा महिने फक्त आईचे दूध. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत ऊब द्यावी.

बोलल्याने काय होते?

तुम्ही म्हणाल, नुसते बोलून काय होणार? ऐका तर.

आपल्या महाराष्ट्राची आनंदीबाई जोशी चौदा वर्षांची असताना बाळंत झाली आणि तिचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. ते दुःख तिने मनात कुजत ठेवले नाही. साता समुद्रापलीकडे जाऊन १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि तिने प्रबंध लिहिला तो बाळंतपणाच्याच शास्त्रावर. १८८७ साली ती गेली, वय अवघे एकवीस. पण बाईचे दुखणे बाईने उघड बोलावे, हा पाठ ती घालून गेली.

नगर जिल्ह्यातल्या, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावच्याच बायकांना, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तिथे बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. २००५ सालापासून आपल्या दारी आशाताई येतात, त्यामागे अशा कामांची पुण्याई आहे.

आणि झारखंड-ओडिशातली गोष्ट तर थेट आपल्या ओसरीसारखीच आहे. 'एकजूट' नावाच्या संस्थेने आदिवासी गावांत बायकांचे गट केले. महिन्यातून एकदा बसायचे, गोष्टी सांगायच्या, अडचणी मांडायच्या आणि उपाय आपणच शोधायचे. दवाखाना काढला नाही, औषध वाटले नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू पंचेचाळीस टक्क्यांनी कमी झाले. हे २०१० साली छापून आले. नुसत्या बोलण्याने एवढे होते, मैत्रिणींनो.

त्या दुपारी मिरचीची दोन पोती निवडून झाली. उठताना तिघींनी ठरवले की येत्या ९ तारखेला एकाच गाडीने तपासणीला जायचे. वस्तीवरच्या बाईचा रोज बुडेल म्हणून नणंदेने तिला दुसऱ्या दिवशी घरीच निवडणीचे काम दिले. रोज रात्री जेवणे झाली की नणंद स्वतः सुनेच्या हातावर गोळी ठेवते आणि पाण्याचा तांब्या देते. पहारा म्हणून नव्हे, सोबत म्हणून.

परवा सुनेचा फोन आला. म्हणाली, "मामी, साडेआठचे साडेनऊ झाले. आणि हालतंय बरं का. काल तर अशी लाथ मारली की आत्यांनी हात लावून पाहिलं."

अजून अकराला पोचायचे आहे. पण वाट धरली आहे.

तुमच्या आळीत दोन जीवांच्या किती जणी आहेत, ते आज मोजा. आठवड्यातून एक दुपार त्यांना ओसरीवर बोलवा. हाताला काम द्या, शेंगा फोडायला द्या, आणि मग आपले आधी सांगा. थोरलीने आपली चूक सांगितली की धाकटीच्या पेटीतली कोरी पट्टी बाहेर येते. हे मी धावड्याला डोळ्यांनी पाहिले.

बरे आहे तर. जपून राहा, पोटभर जेवा, आणि बोलत राहा.

तुमची
ताई